एका दिवसाचा संप



मुंबईत गिरण्यांचा संप झाला, हे पूर्वी गावाला कशावरून कळत असे? वर्तमानपत्रावरून म्हणाल, तर गावात ते येई एखादे, आणि तेही शिळे. संप कळत असे तो पोस्टमनवरून. ठरल्या दिवशी मनीऑर्डर आली नाही, पुढल्या आठवड्यातही आली नाही, की घरातली म्हातारी काय ते ओळखे. मग चारआठ दिवसांत वळकटी काखेत मारून मुलगा स्वतःच दारात उभा. घरात खाणारे तोंड एक वाढले, आणि पाठवणारा हात एक कमी झाला. आपल्याकडच्या कामगार चळवळीचा इतिहास मुंबईच्या मैदानांवरच्या सभांवरून लिहिला जातो. लिहावा. पण त्याचे अर्धे पान या उंबऱ्यावर आहे, आणि ते बहुधा कोरेच राहते.

आज मी तुम्हांला एका संपाची गोष्ट सांगणार आहे. तो अवघा एक दिवस चालला. तारीख ७ नोव्हेंबर १९३८. तो पगारवाढीसाठी नव्हता, बोनससाठी नव्हता. एका कायद्याविरुद्ध होता. आणि तो कायदा परक्या सरकारने नव्हे, लोकांनी मते देऊन निवडलेल्या सरकारने आणला होता. या एका दिवसाची किंमत पुढे किती वर्षे मोजावी लागली, तेही पाहू.

पण आधी जरा आपल्या भागाकडे वळू या. डिंगोरे हे गाव ओतूरहून माळशेजकडे जाणाऱ्या कल्याण-नगर रस्त्यावरचे. पश्चिमेला मढ, त्यापुढे माळशेजचा कडा, खाली मुरबाड आणि मग कल्याण. शेजारच्याच नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे कोकणात उतरत. इंग्रजी अमदानीत या घाटवाटांनी माणसे उतरू लागली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात पाऊस मोप, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जायचा. जमिनीचे तुकडे लहान, पीक एकच, आणि सावकाराचे खाते मात्र बारमाही. तेव्हा एका भावाने औत धरायचे आणि दुसऱ्याने मुंबई गाठायची, अशी वाटणीच पडून गेली. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, कोणी भाजीबाजारात पाटी उचलू लागला. रत्नागिरी, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांनी मुंबईची गिरणी चालवली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आणि 'संप' ही गोष्ट आपल्या तालुक्याला मुंबईने शिकवली, असेही समजू नका. १८८० नंतरच्या दशकात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे वारे जुन्नर तालुक्यात जोरात होते. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे त्या चळवळीतले नामांकित कार्यकर्ते. त्या काळात सावकारांच्या आणि जमीनदारांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, त्या पडीक राहू द्यायच्या, असे इथल्या कुळांनी ठरवले. नांगर न धरणे हाच त्यांचा संप. हात आपले, ते कुणासाठी चालवायचे आणि कधी थांबवायचे हे आपण ठरवू, एवढीच त्यामागची कल्पना. पुढची सारी भांडणे याच एका कल्पनेभोवती फिरली आहेत, बरं का.

फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. घराणे मूळ पुणे जिल्ह्यातले. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि 'दीनबंधु' पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली. १८९० च्या जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली, ती त्यांच्या खटपटीने. आज शाळेला रविवारी सुट्टी असते, ती मुलांना आकाशातून पडल्यासारखी वाटते. गुरुजी, मुलांना सांगा की ही सुट्टी कोणीतरी मागून घेतलेली आहे.

लोखंड्यांची ती संस्था म्हणजे आजच्या अर्थाने युनियन नव्हती. वर्गणी नाही, नोंदवही नाही. तरीसुद्धा १९०८ साली एक अचाट गोष्ट घडली. २२ जुलैच्या रात्री लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आणि गिरण्या बंद पडल्या. किती दिवस? सहा दिवस. शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस. लष्कर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. तरी सहा दिवस पुरे झाल्यावरच भोंगे वाजले. पगाराशी काडीचा संबंध नसलेला, थेट सरकारच्या निर्णयाविरुद्धचा हा हिंदुस्थानातला पहिला मोठा संप. रशियात लेनिनने त्याची दखल घेतली, हे पुष्कळांना माहीत असते. युनियन नसताना तो घडला कसा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

तो घडला चाळींमुळे, खानावळींमुळे आणि गावकीमुळे. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या वस्तीला गिरणगाव म्हणत. दहा बाय दहाच्या खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे राहायची. एकजण रात्रपाळीला गेला की त्याच्या पथारीवर दिवसपाळीचा आडवा व्हायचा. जेवायला एखाद्या बाईची खानावळ, हिशोब महिनाअखेर. नोकरी मिळायची ती जॉबरच्या ओळखीने, आणि जॉबर बहुधा आपल्या मुलखाचा. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची रांग. अशा ठिकाणी संपाची बातमी पत्रकाने पोचत नाही. ती नळावर पोचते, ताटावर पोचते. एका गावच्या खोलीने ठरवले की उद्या जायचे नाही, तर त्यांतल्या कोणी एकट्याने जाणे कठीण. कारण प्रश्न मुंबईपुरता नसे. शिमग्याला गावी तोंड दाखवायचे असे.

पुढे युनियनने हेच जाळे वापरले. १९२८ चा संप सहा महिने चालला, एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, म्हणजे माणसे कमी लागतील, ही मालकांची योजना. तिच्याविरुद्ध दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्माला आली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीतले कामगार होते. तिने प्रत्येक गिरणीत समिती नेमली, गिरणीच्या दारात सभा घ्यायला सुरुवात केली. चार महिने पुरेल एवढा निधी कुठल्याच युनियनपाशी नव्हता. मग सहा महिने निघाले कसे?

तारखा पाहा म्हणजे उमगेल. एप्रिल ते ऑक्टोबर म्हणजे मशागत, पेरणी, खुरपणी. ज्याच्या घरी बिघाभर का होईना जमीन होती, तो गावी निघून आला आणि औतामागे चालू लागला. शहरात उरले ते ज्यांना गावी काहीच नव्हते असे, आणि त्यांना धान्यवाटप पुरवता येईना इतके ते जड गेले. माझे तर असे मत झाले आहे की त्या काळच्या संपांची लांबी मुंबईच्या सभांत ठरत नसे; ती गावच्या कणगीत ठरत असे. मालकांनाही हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर गावाकडे पीक बुडालेल्या साली संप मोडणे सोपे जाई.

या संपाने सरकार बिथरले. १९२९ च्या मार्चमध्ये पुढारी मीरत खटल्यासाठी पकडले गेले. त्याच वर्षी मध्यवर्ती सरकारने औद्योगिक तंट्यांचा कायदा केला, आणि त्यात एक कलम असे घातले की आपल्या धंद्यातल्या तंट्याखेरीज दुसऱ्या हेतूने, सरकारवर दडपण आणण्यासाठी केलेला संप बेकायदा. म्हणजे १९०८ सारखा संप आता गुन्हा ठरणार. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या सभागृहात बाँब टाकला, तो या विधेयकाच्या वेळी. शाळेच्या पुस्तकात बाँब असतो, विधेयक नसते.

आता आपण १९३८ ला येऊन पोचलो.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. पंतप्रधान होते बाळासाहेब खेर. त्या काळी प्रांताच्या मुख्याला पंतप्रधानच म्हणत. साधा, सज्जन माणूस. मजूर खात्याचे काम पाहायला अहमदाबादच्या मजूर महाजन संघात तयार झालेले गुलझारीलाल नंदा. या मंत्रिमंडळाने कामगारांसाठी काही केले नाही असे कोणी म्हणू नये. आल्याबरोबर त्यांनी कापड गिरण्यांतल्या मजुरीची चौकशी करायला समिती नेमली आणि तिच्या शिफारशीने पगार वाढले. तेव्हा त्यांनी २ सप्टेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंट्यांचे विधेयक मांडले, ते वाईट हेतूने मांडले असे मला वाटत नाही. गांधीजींच्या विचाराने चालणाऱ्या अहमदाबादेत मालक आणि मजूर लवादासमोर बसून तंटे मिटवीत. तेच साऱ्या प्रांतात व्हावे, संपाने दोघांचेही नुकसान होते, असा त्यांचा विचार.

विधेयक म्हणत होते, संप करण्यापूर्वी नोटीस द्या. मग सलोखा करणारा अधिकारी येईल, बोलणी होतील. ती संपेपर्यंत काम चालू ठेवा. ही पायरी ओलांडून संप केलात तर तो बेकायदा. त्याला दंड, त्याला तुरुंग. ऐकायला वावगे वाटत नाही, नाही का? भांडण्याआधी बोला, असेच तर आपण घरीही सांगतो. पण मेख पुढे होती. बोलायचे कोणी? ज्या युनियनला मालकाची मान्यता, तिची नोंद थोड्या सभासदांवर होई. जिला मालकाची मान्यता नाही, तिला पुष्कळ जास्त सभासद दाखवावे लागत. जणू पंचायतीत बसायचे असेल तर सावकाराची चिठ्ठी घेऊन या, म्हणावे! आणि बोलणी लांबली की मालकाचे काही बिघडत नसे. माल कोठारात भरून ठेवायला त्याला तेवढीच सवड. कामगाराच्या हाती असलेली एकच वस्तू म्हणजे वेळ. तिची धार या कायद्याने बोथट होत होती.

१५ सप्टेंबरला विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. ते स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी. हा पक्ष त्यांनी १९३६ मध्ये काढला होता. त्यांचा मुद्दा वकिलाचा होता, पण कोणाही शेतकऱ्याला कळेल असा. नोकरी हा करार आहे. करार मोडला तर नुकसानभरपाई मागा, दिवाणी दावा लावा. पण काम न करणे हा फौजदारी गुन्हा ठरवून माणसाला तुरुंगात घालणे म्हणजे त्याच्याकडून मनाविरुद्ध काम करून घेणे. त्याला दुसरे नाव गुलामगिरी. स्वातंत्र्याचा हक्क आणि संपाचा हक्क यांत त्यांना फरक दिसत नव्हता. वेठबिगार ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आली, त्या समाजातून आलेला माणूस हे बोलत होता, हे विसरू नये. वेठ म्हणजे काय ते त्यांना पुस्तकात पाहावे लागत नव्हते.

विधेयक बहुमताने मंजूर झाले. आता बाहेर काय करायचे? प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेसने आणि स्वतंत्र मजूर पक्षाने मिळून ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप पुकारला. इथे थोडे थांबायला हवे, कारण ही दोन माणसे एकत्र येणे सोपे नव्हते.

गिरणीत साचेखाते, म्हणजे विणकाम, हे सर्वांत जास्त पगाराचे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नसे. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. वर लाल बावटा, आणि खाली विटाळ! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला होता. आमची माणसे तुमच्या संपात उपाशी राहणार, पण साच्यावर मात्र उभी राहणार नाहीत, हे कसे? याला धड उत्तर मिळाले नव्हते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दुसरा शत्रू कम्युनिस्टांना मान्य होता. पहिल्याबद्दल ते गुळमुळीत बोलत.

तरीही ते एकत्र आले. त्याच वर्षी जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला होता; कोकणातली खोती रद्द करा ही त्यातली मुख्य मागणी. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक हे त्या मोर्चात होते आणि संपातही होते. म्हणजे शेतावरच्या वेठीविरुद्ध आणि गिरणीतल्या सक्तीविरुद्ध माणसे तीच उभी राहिली. खोताच्या रानात राबणारा बाप आणि गिरणीत राबणारा मुलगा ही दोन वेगळी माणसे नव्हतीच मुळी. एकाच सातबाऱ्यावरची ती नावे होती.

तयारी कशी झाली म्हणाल, तर चाळीचाळींतून सभा, नाक्यानाक्यांवर पत्रके, गिरण्यांच्या दारांत भाषणे. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक वस्त्यावस्त्यांतून फिरले. काँग्रेसवालेही स्वस्थ नव्हते. त्यांनी संपाविरुद्ध प्रचार चालवला, आणि त्यातही तथ्य होते असे काहींना वाटे: आपले सरकार आत्ता कुठे आले आहे, इंग्रज टपून बसला आहे, अशा वेळी आपल्याच माणसांविरुद्ध संप करायचा? ही अडचण खरी होती. १९०८ मध्ये ती नव्हती. तेव्हा एका बाजूला परके सरकार होते आणि दुसऱ्या बाजूला आपण. १९३८ मध्ये दोन्ही बाजूंना आपणच. चाळीतल्या एकाच खोलीत टिळकांचा फोटो, गांधीजींचा फोटो आणि उद्या संप. आदल्या दिवशी कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. बाबासाहेब, कॉम्रेड डांगे, याज्ञिक एका व्यासपीठावरून बोलले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गिरणगावातल्या बहुतेक गिरण्या थंड राहिल्या. पुढारी मोटारीत बसून वस्त्यांतून फिरत होते, लोकांना शांत राहायला सांगत होते. तरी काही ठिकाणी दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, आणि गोळीबारही झाला. लोकांनी निवडलेल्या मंत्रिमंडळाच्या पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या, ही बातमी साऱ्या देशात गेली. सरकारने चौकशी समिती नेमली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा वाजला, माणसे कामावर गेली.

मग मिळाले काय? कायदा रद्द झाला का? नाही झाला. १९३८ चा पंचविसावा कायदा म्हणून तो पुस्तकात गेला. वर्षभरात महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. युद्ध संपल्यावर खेरांचे मंत्रिमंडळ परत आले, आणि १९४६ मध्ये त्याच कायद्याची सुधारलेली आवृत्ती झाली, मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यात एक तत्त्व पक्के झाले: एका भागातल्या एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि मालकाशी बोलण्याचा हक्क तिलाच. कापड गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. कामगाराला ती आवडो न आवडो, करार तिने करायचा.

कायदा ही चीज मोठी चिवट असते. माणसे म्हातारी होतात, तो होत नाही.

स्वतंत्र भारतातही प्रश्न तोच राहिला: आपल्याच सरकारविरुद्ध संप करायचा का, आणि केला तर सरकारने काय करायचे? मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी देशभर संप केला. जॉर्ज फर्नांडिस त्यांचे पुढारी. ८ मे ला तो सुरू झाला, पण पुढाऱ्यांना त्याआधीच, २ मे पासून, पकडायला सुरुवात झाली होती. हजारो तुरुंगात, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या; रेल्वेच्या चाळींतून बायकामुलांना बाहेर काढल्याच्या हकिकती आहेत. वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला. आपल्या जुन्नर तालुक्याला रेल्वे नाही. तरी कल्याणहून पुढे जाणाऱ्या माणसाला त्या वीस दिवसांत देश केवढा मोठा आहे ते पायांनी कळले असेल.

आणि मग १८ जानेवारी १९८२. मुंबईच्या कापड गिरण्यांतले जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढारी डॉ. दत्ता सामंत. मागण्यांत पगार होता, बदली कामगारांना कायम करा हे होते, आणि त्याबरोबर होते १९४६ चा कायदा रद्द करा. म्हणजे १९३८ च्या त्या एका दिवसाचा मुद्दा चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला, फक्त मधल्या काळात त्याचे मूळ खोल गेले होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, सरकारच्या धोरणांविरुद्ध देशभरातल्या युनियनांचा एक दिवसाचा सार्वत्रिक संप होता. देशाचा संप एका दिवसात संपला. मुंबईचा संपला नाही. कायद्याप्रमाणे बोलणी करायची तर मजदूर संघाशी, आणि कामगार तर सामंतांमागे. ज्याच्याशी बोलायचे त्याच्यामागे माणसे नाहीत, आणि ज्याच्यामागे माणसे आहेत त्याच्याशी बोलायचे नाही. दिल्लीही हलली नाही, मालकही हलले नाहीत. पुष्कळ मालकांना जुनी यंत्रे नकोशीच झाली होती. गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन त्यांना अधिक मोलाची दिसू लागली होती.

याही वेळी कामगार गावी आले. १९२८ सारखेच. पण गाव आता १९२८ चे राहिले नव्हते. जमिनीचे आणखी तुकडे झाले होते, बहात्तरचा दुष्काळ लोक विसरले नव्हते, आणि ज्यांच्या घरी बागायत नव्हती त्यांना दोन वेळच्या भाकरीपलीकडे काही देता येत नव्हते. वर्ष झाले, दीड वर्ष झाले. कणगीचा तळ दिसू लागला. कोणी मजुरीला गेला, कोणी भाजीच्या गाडीवर, कोणाच्या बायकोने गळ्यातले मोडले. कोणी कामावर परत गेला तर त्याची जागा राहिली नव्हती. हा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही.

या लांबलचक गोष्टीत संप चांगला की वाईट, हा प्रश्न मी सोडवलेला नाही, आणि तो असा सुटेल असे मला वाटतही नाही. १९८२ च्या संपाने हजारो घरे बसली. ते खरे आहे. लोखंडे गप्प बसले असते तर रविवार मिळाला नसता. तेही खरेच आहे. पण १९३८ चा वाद आजही शिळा झालेला नाही, एवढे सांगतो. २०२० च्या सप्टेंबरात संसदेने कामगारांच्या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता मंजूर केल्या. त्यांत असे आले की कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी; पूर्वी १९४७ च्या कायद्यात अशी सक्ती फक्त पाणी, वीज, रेल्वे यांसारख्या लोकोपयोगी सेवांना होती. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. २६ नोव्हेंबर २०२० रोजी देशातल्या मोठ्या युनियनांनी याविरुद्ध एक दिवसाचा संप केला, आणि त्याच दिवशी शेतकऱ्यांचे जथे दिल्लीकडे निघाले होते. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सरकारचे म्हणणे तेच, की भांडण्याआधी बोला. युनियनांचे म्हणणेही तेच, की बोलणी लांबली तर तोटा कोणाचा?

शिक्षकमित्रांना एक काम सुचवतो. १९३८ चे कामगार आता हयात असण्याचा संभव नाही. १९८२ चे आहेत. डिंगोऱ्यात, मढला, उदापूरला, ओतूरला, घाटाखालच्या आणि घाटावरच्या पुष्कळ घरांत त्यांच्या पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत गिरणीचा पास असेल, युनियनच्या वर्गणीची पावती असेल, एखादे पिवळे पडलेले पत्रक असेल. वरच्या वर्गातली चार मुले घेऊन त्यांच्या ओट्यावर जा आणि बसा. पुढाऱ्यांची नावे विचारू नका, ती पुस्तकात आहेत. त्या खोलीत गावची किती माणसे राहत होती ते विचारा. खानावळवाल्या बाईने संपाच्या दिवसांत किती महिने उधार घातले ते विचारा. आणि घरच्या बाईला वेगळे विचारा, की त्या साली घरात बाजरी किती पायली होती, आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत पुरली. मुलांना ते वहीत तारखेसकट लिहून घ्यायला सांगा.